तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : डॉक्टरसाहेब मुख्यमंत्री झाले त्याची गोष्ट

प्रश्न : दादा, मी इथेच मेडिकलला सेकंड इयरला आहे. परवा मेसमध्ये वाद झाला. नागपूरचा डॉक्टर आमदार म्हटलं की सगळे डॉ. श्रीकांत जिचकारांचंच नाव घेतात, पण आमचे एक सर म्हणाले की त्यांच्या कितीतरी आधी इथला एक प्रॅक्टिस करणारा डॉक्टर अख्ख्या प्रांताचा मुख्यमंत्री होता आणि त्याला वर्षभरात घरी पाठवलं. खरंय का? काऊन पाठवलं?
(हॉस्टेलवासी, हनुमान नगर)

उत्तर : सर बरोबर बोलले. जिचकारांबद्दल तर प्रश्नच नाही, एमडी झालेला माणूस, १९८० ला पंचविशीतच काटोलचा आमदार, त्यांच्या डिग्र्यांची यादी दर दोन महिन्यांनी कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवतंच. पण सर म्हणतात ते डॉ. नारायण भास्कर खरे, आणि त्यांना कोणी फॉरवर्ड करत नाही.

जन्म १८८४ चा, पनवेलचा. शिक्षण जबलपूर आणि मग थेट लाहोरचं मेडिकल कॉलेज, कारण आपल्या प्रांतात तेव्हा मेडिकल कॉलेजच नव्हतं (तुझं कॉलेज सुरू झालं १९४७ ला, म्हणजे बघ). पंजाब विद्यापीठाची एमडी घेतली, काही दिवस सरकारी नोकरी केली, ती सोडून नागपुरात प्रॅक्टिस थाटली, काँग्रेसमध्ये शिरले, आधी प्रांताच्या कौन्सिलात आणि मग दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीत गेले. १९३७ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या ११२ जागांमध्ये काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळालं आणि जुलैत डॉक्टरसाहेब मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्या पदाला पंतप्रधान म्हणायचे.

आता गंमत अशी की हा प्रांत म्हणजे एक सरकार आणि तीन काँग्रेस कमिट्या, नागपूरची वेगळी, विदर्भाची वेगळी आणि महाकोशलची, म्हणजे जबलपूरकडच्या हिंदी भागाची वेगळी, वरून मराठी-हिंदीची ओढाताण. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र, दुर्गाशंकर मेहता हे महाकोशलचे तीन मंत्री एका बाजूला, खरे आणि वऱ्हाडातले गोळे, देशमुख दुसऱ्या बाजूला. १९३८ च्या मे महिन्यात पचमढीला सरदार पटेलांसमोर सगळ्यांनी मिळून चालायचं कबूल केलं, पण नागपुरात पाऊस पडेपर्यंतही ते टिकलं नाही.

जुलैत खऱ्यांनी गोळे आणि देशमुखांसोबत राजीनामा दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, प्रमुखानेच राजीनामा दिला की सगळं मंत्रिमंडळ गेलं, तुम्हीही द्या. ते महाकोशलचे तिघं म्हणाले आम्ही देत नाही, आम्हाला काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाचा हुकूम पाहिजे. मग रात्रभर धावपळ झाली आणि २१ जुलैच्या पहाटे गव्हर्नर वायली साहेबांनी तिघांना बडतर्फ करून खऱ्यांनाच पुन्हा शपथ दिली, नवीन मंत्री घेऊन. त्यात अग्निभोज नावाचे दलित आमदारही होते, त्यांना मंत्री केलेलं गांधीजींना रुचलं नव्हतं असा खऱ्यांचा दावा होता आणि बाबासाहेब आंबेडकरांनी तो पुढे लिहून ठेवला.

हे मंत्रिमंडळ दोन-तीन दिवस चाललं बस. काँग्रेस वर्किंग कमिटीचं वर्ध्याला बोलावणं आलं, सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष, तिथे खऱ्यांना राजीनामा द्यायला लावला. वर्किंग कमिटीने ठराव केला की हा माणूस काँग्रेसमध्ये जबाबदारीच्या जागेवर बसायच्या लायकीचा नाही, आणि गव्हर्नरलाही त्याच ठरावात झोडलं. शुक्ल मुख्यमंत्री झाले. (वर्ष व्हायच्या आत त्याच प्रांतात काँग्रेसचं त्रिपुरी अधिवेशन झालं आणि थोड्याच दिवसांत सुभाषबाबूंवरही अध्यक्षपद सोडायची पाळी आली.)

माझं मत विचारशील तर कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे खरे फार चुकले नव्हते. पण काँग्रेसने मंत्रिपदं घेतली होती तीच मुळी गव्हर्नर रोजच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाही या भरवशावर, आणि हे गृहस्थ घरचं भांडण घेऊन गेले त्याच गव्हर्नरच्या दारात. दवाखान्यात डॉक्टरचा शब्द शेवटचा असतो, तीच सवय त्यांना नडली असं मला वाटतं. तिकडे शेवटचा शब्द हायकमांडचा होता आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडीच आहे.

प्रश्न : आमच्या घरी डॉ. खऱ्यांचं नाव आदराने घेतात, पण नातू म्हणतो अलवरचं काय ते पण सांगा. आपण सांगाल काय?
(एक आजोबा, महाल)

उत्तर : सांगतो आजोबा, नातवाने बरोबर जागेवर बोट ठेवलंय. काँग्रेस सुटल्यावर १९४३ ते ४६ डॉक्टर व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते, बाबासाहेबही तिथेच मजूर खातं बघत होते. खऱ्यांकडे परदेशातल्या भारतीयांचं खातं, आणि दक्षिण आफ्रिकेत आपल्या लोकांवर जी बंधनं होती तशीच इथे येणाऱ्या तिथल्या गोऱ्यांवर घालायचं काम त्यांनी केलं. हे श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे. पण १९४७ ला ते राजस्थानातल्या अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले आणि त्याच वर्षी तिथे मेव मुसलमानांच्या कत्तली झाल्या, हजारो लोकांना हुसकून लावलं. कारभार ज्याच्या हातात त्याला जबाब द्यावाच लागतो, फाळणीचा काळ होता एवढं म्हणून सुटता येत नाही. गांधीहत्येनंतर १९४८ च्या फेब्रुवारीत त्यांना त्या पदावरून दूर केलं. पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले, ग्वाल्हेरातून लोकसभेतही गेले, १९७० ला वारले. आदर ठेवा, पण नातवाला हेही सांगा.

प्रश्न : डॉक्टर निवडून आला तर त्याच्या डॉक्टरकीचा सभागृहात काही उपयोग होतो, का नुसतं बोर्डावर नाव?
(एक फार्मसीवाले, सीताबर्डी)

उत्तर : बरेचदा उपयोग निवडून येईपर्यंतच होतो, भाऊ. ज्याने रात्री-बेरात्री घरी येऊन आईला तपासलं त्याला मत द्यायला माणूस नाही कसा म्हणेल. नंतर अधिवेशन सुरू झालं की तेही बाकीच्यांसारखेच पक्षाचा व्हिप बघून हात वर करतात.

पण अपवाद सांगतो. मुंबईचे सर्जन डॉ. गो. वि. देशमुख, हे खऱ्यांच्याच वेळी दिल्लीच्या असेंब्लीत होते. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मुलाइतका हिस्सा देणारा १९३७ चा कायदा त्यांनी आणला, म्हणून लोक त्याला देशमुख ॲक्टच म्हणायचे. कायदा अर्धवट होता, हिस्सा तिच्या हयातीपुरताच, विकायची मुभा जवळपास नाहीच, शेतजमीन तर बाहेरच राहिली. तरी नवरा गेला की बाईची घरात काय गत होते हे डॉक्टर आजारपणातच बघत असणार, वकिलाकडे ती बाई पोचतच नाही. तिकडे मद्रासला डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी १९२७ ला कौन्सिलात गेल्या आणि देवदासी प्रथा बंद करायच्या मागे लागल्या. म्हणजे दवाखान्यात जे दिसलं ते सभागृहात नेलं तर डॉक्टरकी कामाची, नाही तर तुम्ही म्हणता तसं बोर्डावर नाव.

प्रश्न : मी सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर आहे, गावचे लोक विधानसभेला उभं राहा म्हणून मागे लागलेत. रजा टाकून उभं राहता येईल का?
(नाव नको, नागपूर ग्रामीण)

उत्तर : नाही डॉक्टर, रजेवर भागत नाही. सरकारी पगाराचं पद म्हणजे लाभाचं पद, घटनेच्या १९१ व्या कलमात ते अपात्रतेत येतं. राजीनामा द्यावा लागेल आणि नुसता देऊन चालणार नाही, अर्ज भरायच्या आधी तो मंजूर झालेला पाहिजे, त्याचा कागद हातात ठेवा, छाननीच्या वेळी समोरचा उमेदवार तेवढंच धरून बसतो. सरकारी सेवेच्या बाँडची वर्षं बाकी असतील तर तो हिशेब आधी मिटवा. खासगी प्रॅक्टिसवाल्याला यातलं काहीच लागत नाही. आणि जे लोक मागे लागलेत ते प्रचाराला गाडीत किती दिवस बसतील ते राजीनामा देण्याआधी विचारून घ्या.