कोबाल्ट ४२ आलंय, आता सांधा काढावा लागणार का?

खुब्यात मेटल-ऑन-मेटल, म्हणजे बॉल आणि वाटी दोन्ही धातूचे असलेला कृत्रिम सांधा बसवलेल्या पेशंटचा हमखास प्रश्न, रक्तात कोबाल्ट (या सांध्यातला एक धातू) वाढलाय म्हणजे विष भिनतंय का? एक काकू होत्या (तपशील थोडे बदललेत), २००९ ला पुण्यात ऑपरेशन झालेलं, मुलाकडे इंग्लंडला गेल्या असताना तिथे रक्त तपासलं तर कोबाल्ट ४२. मुलाने नेटवर वाचलं की ७ च्या वर धोका, झालं, काकूंची झोपच उडाली, आणि त्यात व्हॉट्सअपवर कोणीतरी धातू बाहेर काढणारा काढा पाठवला तो दोन्ही वेळा सुरू!

मी काकूंना आधी आकड्यापुढचं युनिट वाचायला लावलं. ते ७ मायक्रोग्रॅम प्रति लिटरचं आहे, तिकडच्या बऱ्याच लॅब नॅनोमोल प्रति लिटर या वेगळ्या युनिटमधे रिपोर्ट देतात, आणि कोबाल्टचे ७ मायक्रोग्रॅम म्हणजे जवळपास ११९ नॅनोमोल. म्हणजे काकूंचे ४२ हे अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास.

"मग पुढे 'हाय' म्हणजे जास्त असं का लिहिलंय हो मॅडम?"

अहो, लॅबची नॉर्मल रेंज असा सांधा नसलेल्या माणसांची असते, इथे धातूवर धातू घासतोय तर थोडं झिजणारच, ते रक्तात येतं आणि किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती ते मी विचारतेच, बी-१२ च्या गोळ्यांचंही विचारते कारण त्यातही कोबाल्ट असतं. काढा मात्र बंद करायला सांगितला.

आणि ७ च्या वर गेलं तरी लगेच सांधा काढत नाहीत. ब्रिटनच्या एमएचआरएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०१० मधे हा आकडा दिला तो पुढची तपासणी कधी करायची यासाठी, म्हणजे तीन महिन्यांनी परत रक्त आणि सांध्याभोवती पाणी किंवा गाठ आहे का ते बघायला धातूमुळे इमेज खराब होऊ नये अशा सेटिंगचा एमआरआय. त्याच वर्षी अशा सांध्याचं एएसआर नावाचं मॉडेल जगभरातून परत मागवलं गेलं, त्यामुळे आपल्या सांध्याचं मॉडेल कुठलं हे डिस्चार्ज कार्डावर किंवा स्टिकरवर शोधून ठेवा, काकूंचं दुसरंच निघालं.

मला खरं तर आकड्यापेक्षा "जांघेत दुखतं पण चालतंय" म्हणणाऱ्यांची काळजी जास्त वाटते. आकडा कमी असूनही आतल्या टिश्यूला इजा झालेली असू शकते. काकूंना जिना चढताना दुखायचं, ते तीनदा विचारल्यावर सांगितलं, मग आमच्या सर्जन सरांनी एमआरआय करून घेतला, तो स्वच्छ आला, आता वर्षाने परत रक्त. मधेच दुखणं वाढलं, लंगडायला लागल्या, सूज आली, किंवा नव्याने कमी ऐकू-दिसू लागलं तर वर्षभर थांबायचं नाही, लगेच यायचं.