दोन घरांच्या गोष्टीविषयी

प्रिय नवलेखकास,

अनेक आशीर्वाद. आई-वडील वेगळे झालेल्या आणि दोन घरांत राहणाऱ्या मुलीची ही गोष्ट कोणी छापेल का, असे तू विचारले आहेस. छापणारे आहेत, पण त्यांच्याकडे पाठवण्याआधी गोष्टीचे तिसरे पान काढून टाक. त्या पानावर बाई वर्गाला ‘कुटुंबे अनेक प्रकारची असतात’ असे समजावून सांगतात. पहिल्याच पानावर मुलगी सकाळी उठून आपला टूथब्रश हिरवा आहे की पिवळा हे पाहते आणि आज आपण आईकडे आहोत की बाबांकडे ते ओळखते, तिथेच वाचणाऱ्या मुलाला सगळे कळून चुकलेले असते. पुढचे व्याख्यान मोठ्यांसाठी आहे, आणि अशा व्याख्यानांना संपादक केव्हाच कंटाळलेले आहेत. दत्तक मूल, एकटी आई, आजी-आजोबांनी वाढवलेली भावंडे, दोन आया किंवा दोन बाबा असलेले घर, यांपैकी कोणाविषयीही लिहिलेस तरी हेच लागू पडते. मुलाला स्वतःचे कुटुंब हा प्रश्न वाटत नाही, त्याचा प्रश्न हरवलेल्या खेळण्याचा असतो; ते खेळणे दुसऱ्या घरी राहिले असेल, तर कुटुंब आपसूक गोष्टीत येते.

निरनिराळी घरे आणि निरनिराळे समाज दाखवणाऱ्या पुस्तकांना आज जी मागणी दिसते, ती प्रकाशकांच्या औदार्यातून आलेली नाही. कोणीतरी चिकाटीने मोजदाद केली, हे तिचे एक मोठे कारण आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतील तीन वर्षांच्या ५,२०६ बालपुस्तकांचा हिशेब मांडला, तेव्हा मजकुरात किंवा चित्रांत एक तरी कृष्णवर्णीय पात्र असलेली पुस्तके अवघी ६.७ टक्के निघाली. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातील बालपुस्तक केंद्राने १९८५ च्या पुस्तकांची नोंद घेतली, ती मात्र निर्मात्यांच्या बाजूने: सुमारे २,५०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची केवळ १८ होती. पुस्तक कोणाविषयी आहे आणि ते कोणी लिहिले आहे, हे दोन निराळे आकडे आहेत, आणि हस्तलिखिते मागवणारे प्रकाशकाचे आवाहन वाचताना तूही हा भेद डोळ्यांसमोर ठेवायला हवा. काही आवाहने विषयासाठी असतात, काही ठरावीक लेखकांसाठी. उदाहरणार्थ, ‘ली अँड लो’ या अमेरिकी प्रकाशनाने २००० मध्ये सुरू केलेला ‘न्यू व्हॉइसेस’ पुरस्कार अमेरिकेत राहणाऱ्या, गौरेतर किंवा मूलनिवासी समाजातल्या आणि ज्यांचे एकही चित्रपुस्तक आलेले नाही अशा लेखकांसाठी योजलेला आहे. गोष्ट कितीही सरस असली तरी या अटींत न बसणाऱ्याने ती तिथे पाठवण्यात अर्थ नाही.

पाठवण्याच्या रीतीविषयी थोडक्यात सांगतो. चित्रपुस्तक साधारणपणे ३२ पानांचे असते आणि त्यातली काही पाने शीर्षक व श्रेयनामावलीत जातात, त्यामुळे तुझी गोष्ट उरलेल्या पानांवर विभागून पाहा. जिथे पान उलटावेसे वाटत नाही, तिथे मजकूर जास्त झाला आहे असे समज. चित्रकार तू शोधू नकोस. ती निवड बहुधा प्रकाशक करतो, आणि हौशी चित्रांमुळे चांगला मजकूर मागे पडतो. टूथब्रशच्या रंगासारखी गोष्टीला आवश्यक असलेली सूचना तेवढी मजकुरात दे. एकाच वेळी अनेकांकडे पाठवणे चालते का, हे प्रत्येकाच्या नियमावलीत पाहा, आणि छापण्यासाठी तुझ्याकडेच पैसे मागणाऱ्याला प्रकाशक न मानता छपाईची सेवा विकणारा मान. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’सारख्या मुक्त परवान्याच्या, म्हणजे कोणालाही गोष्ट वापरू व भाषांतरित करू देणाऱ्या, ऑनलाइन व्यासपीठावर गोष्ट अनेक भाषांत पोहोचू शकते, परंतु एकदा मुक्त केलेली गोष्ट पुढे एखाद्या प्रकाशकाला एकट्यासाठी देता येत नाही, म्हणून हा निर्णय आधी घे.

आता तू शेवटी विचारलेल्या, आणि मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रश्नाकडे येतो: सोबतच्या पत्रात स्वतःच्या घराविषयी किती लिहावे? असा अनुभव जगलेला लेखक संपादकांना हवा असतो हे खरे, आणि त्याचा दबाव नव्या माणसावर येतो हेही खरे. (घटस्फोटाची कागदपत्रे जोडावीत, अशा थाटात लिहिलेली पत्रे मी पाहिली आहेत.) घर तुझे एकट्याचे नाही, त्यात आई आहे, बाबा आहेत, धाकटी बहीण आहे, आणि पुस्तक निघाले की मुलाखतीत, शाळेच्या कार्यक्रमात त्यांच्याविषयीच विचारले जाईल. म्हणून पत्र पाठवण्याआधी त्यांच्याशी बोल आणि ते जेवढे सांगू देतील तेवढेच लिही. ‘मी लहानपणी दोन घरांत वाढलो’ हे एक वाक्य संपादकाला पुरते. त्याहून अधिक कोणी मागितले, तर नकार देण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे.

सुधारलेली प्रत तयार झाली की पाठव.

तुझा,
एक जुना संपादक