प्रेसिडेंटचं उद्घाटन का होत नाही?

लाडक्या चिऊ,

काल तू विचारलंस, "इनॉग्युरेशन म्हणजे उद्घाटन ना? मग 'प्रेसिडेंटचं उद्घाटन' म्हटल्यावर फोनवर आजी का हसली?" मी पोळ्या लाटत होते, म्हणून राहिलं. आता नीट सांगते.

उद्घाटन म्हणजे बंद असलेलं उघडणं. आपलं रोजचं 'उघडणे' त्याच शब्दातून आलंय. दुकानाचं, पुलाचं, वाचनालयाचं उद्घाटन होतं. फीत कापतात, नारळ फोडतात. माणूस असा उघडता येत नाही, म्हणून आजीला हसू आलं.

माणसाचा होतो तो शपथविधी. मुंबईत मंत्री शपथ घेतात तेव्हा कुणी 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो की' म्हणतं, कुणी 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की'. संविधानाला दोन्ही चालतं. इथे अमेरिकेत प्रेसिडेंटचा तो सोहळा 20 जानेवारीला असतो, 1937 पासून. त्याआधी तो मार्चमध्ये व्हायचा. आणि 6 जून 1674 ला रायगडावर शिवाजी महाराजांचा झाला तो राज्याभिषेक. इंग्रजीतल्या कॉरोनेशनमध्ये मुकुट आहे, आपल्या अभिषेकात पाणी. एकाच प्रसंगातलं कुणाला काय महत्त्वाचं वाटलं, ते शब्दात असं राहून जातं.

पण मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. इनॉग्युरेशन हा शब्द लॅटिनमधून आलाय. जुन्या रोममध्ये 'ऑगर' नावाचे पुरोहित असत. कुणाला मोठं पद द्यायचं असलं की ते आकाशात पक्षी कुठून कुठे उडतात ते बघत आणि देवांची संमती आहे की नाही ते सांगत. आता आपला 'शकुन' घे. संस्कृतात शकुन म्हणजे आधी पक्षीच! शकुंतलेला रानात पक्ष्यांनी सांभाळलं, म्हणून तिचं ते नाव. रोम कुठे, आपण कुठे, पण चांगल्या कामाआधी दोघांनीही वर पाखरांकडे पाहिलं.

आमच्या परसात भारद्वाज दिसला की आजी हातातलं काम टाकून आम्हाला हाका मारायची. परीक्षेच्या दिवशी दिसला तर बघायलाच नको! सुट्टीत तिच्याकडे गेलो की सकाळी लवकर ऊठ. तो फारसा उडत नाही, कुंपणाच्या कडेने चालत येतो. काळं अंग, विटकरी पंख, लाल डोळे. दिसला की मला उठव.

तुझी,
आई