दुखत नाही, पण खडे आहेत

"मॅडम, दुखत काहीच नाही. पण सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघालेत. सर्जन म्हणतात, राहू द्या. राहू कसे द्यायचे?"

हा प्रश्न हल्ली फार येतो. कंपनीचं हेल्थ चेकअप, साठीनिमित्त मुलांनी घेऊन दिलेलं तपासण्यांचं पॅकेज, नाहीतर भलत्याच कारणासाठी केलेली सोनोग्राफी. धडधाकट माणूस आत जातो आणि रिपोर्ट घेऊन पेशंट होऊन बाहेर येतो. सर्जनने समजावलेलं असतं, तरी झोप उडते. मग सर्जनच त्यांना माझ्यासारख्या समुपदेशकाकडे धाडतात.

सुनंदाताई (नाव बदललं आहे) अशाच आल्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. तीन खडे, मोठ्यात मोठा नऊ मिलिमीटरचा. पित्ताच्या पिशवीची भिंत चांगली, पित्तनळी मोकळी, लिव्हरच्या तपासण्या नॉर्मल. दोन सर्जनचं मत एकच होतं: त्रास नाही, तर ऑपरेशन नाही, लक्ष ठेवा. पण त्यांनी वहीत नातेवाइकांचे सल्लेही उतरवून आणले होते. नणंद म्हणाली, पिशवी फुटते. मावसभाऊ म्हणाला, कॅन्सर होतो. कुणी हुलग्याचं कढण सांगितलं, ते तर मुतखड्यावरचं. पित्ताशय लघवीच्या वाटेवर येतच नाही. शेजारणीने ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस प्यायला सांगितला होता, 'सकाळी हिरवे खडे पडतात' म्हणून. पडतात ते त्या तेलाचेच साबणासारखे गोळे. खडे जिथल्या तिथे असतात.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या वळणाची. आमच्याकडे भीतीला आधी पुरावा विचारतात. म्हणून मी आकड्यांपासून सुरुवात केली. असे खडे असलेल्या दहांतल्या सुमारे आठ जणांना काहीच त्रास नसतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या 123 प्राध्यापकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं; 1982 साली त्याचा निष्कर्ष छापून आला. वीस वर्षांत दुखणं सुरू झालं ते शेकडा अठरा जणांना.

"त्यात बायका किती होत्या?" ताईंनी लगेच विचारलं.

"तेरा."

"मग हा नमुना माझ्यासाठी कच्चा आहे."

मला हसू आलं. बरोबर होतं त्यांचं. पण त्यानंतरच्या पाहण्यांतूनही चित्र साधारण तेच दिसतं: वर्षाला शंभरात एक ते दोघांना त्रास सुरू होतो. हेही ताईंनी लिहून घेतलं. पुढच्या भेटीत म्हणाल्या, "गणित पटलं, पण झोप नाही."

आकड्यांनी एवढंच झालं की नणंद आणि मावसभाऊ खोलीतून बाहेर गेले. खरी अडचण आता ताईंनाच सांगावी लागणार होती. एलिस यांच्या पद्धतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथे कामाला येते. शक्यता किती, यावर हुज्जत घालत बसायचं नाही. समजा ते झालंच, तर पुढे काय, एवढं विचारायचं.

"ताई, समजा दुखलंच. कधी दुखतंय?"

"रात्री. दोन वाजता."

"तुम्ही कुठे आहात?"

"आतल्या खोलीत. एकटी."

"आणि सर?"

त्या थांबल्या. मग सांगितलं, ते वेगळंच होतं. साहेबांना, म्हणजे ताईंच्या यजमानांना, ऐकू कमी येतं. रात्री कानातलं मशीन काढून ते डबीत ठेवतात आणि घोरण्याचा ताईंना त्रास नको म्हणून हॉलमधल्या दिवाणावर झोपतात. इतकी वर्षं मुलगी घरात होती. ती येत्या सप्टेंबरात नवऱ्यापाठोपाठ डब्लिनला जाणार होती.

"मी हाका मारीन आणि ह्यांना ऐकूच जाणार नाही. म्हणून म्हणते, मुलगी आहे तोवर ऑपरेशन उरकून टाकू."

इतक्या भेटींत कुठल्याही कागदावर न आलेली गोष्ट ही होती. दोन सर्जननी पित्ताशय नीट पाहिलं होतं, आणि ते पाहणंच त्यांचं काम. दिवाण पाहणं माझं. मला वर्षानुवर्षं हेच दिसत आलंय: 'लक्ष ठेवा' म्हटलं की माणसाला करायला काहीच उरत नाही. मग तो रात्रंदिवस पोटाला कान लावून बसतो आणि प्रत्येक ढेकरेत खडा शोधतो.

तेव्हा आम्ही दोन वाजताची ती रात्रच आखायला घेतली. पित्ताचं खरं दुखणं कसं असतं, हे आधी. बरगड्यांखाली उजवीकडे किंवा छातीखाली मधोमध, बहुधा जेवणानंतर किंवा रात्री, अर्ध्या तासापासून काही तास टिकणारं, कधी उजव्या खांद्यामागे जाणारं. ते टचकन येऊन लगेच जात नाही. गॅस, पोट फुगणं, आंबट पाणी याचा दोष खड्यांवर टाकता येत नाही. तेवढ्यासाठी पिशवी काढून घेतलेल्या कितीतरी जणांचे गॅस पुढेही तसेच राहतात. सोबत थंडी वाजून ताप, डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी किंवा न थांबणारं दुखणं असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना. हा कागद फ्रिजवर. खालच्या मजल्यावर गाडीवाला मुलगा राहतो, त्याला आजच सांगून ठेवायचं. फाइल दाराजवळच्या कपाटात.

आणि दिवाण आतल्या खोलीत. "घोरणं परवडलं," ताई म्हणाल्या. साहेबांना बोलावून घेतलं, तर ते मोठ्याने म्हणाले, "मला काय, हलवून उठव!"

आहाराबद्दल एकच गोष्ट बजावली. ताईंनी घाबरून जेवण अर्ध्यावर आणलं होतं, वर उपास वाढवले होते. झपाट्याने वजन उतरवणं आणि लांबलचक उपास यांनी उलट खडे वाढतात. वेळेवर साधं जेवा.

ऑपरेशन वाईट, असं मी कुणाला सांगत नाही. डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आज ते रोजचं काम झालंय. पण हजारात दोन-चार जणांच्या पित्तनळीला इजा होते, आणि ज्याला काही होतच नव्हतं त्याला ती फार महाग पडते. काहींचा हिशेब मात्र मुळातच वेगळा असतो; त्रास नसला तरी त्यांच्या ऑपरेशनचा विचार होतो. तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप (पिशवीच्या आतल्या भिंतीवरची वाढ), पिशवीच्या भिंतीत साठलेलं कॅल्शियम, विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलसारखा रक्ताचा आजार. मावसभावाची भीतीही सगळीच हवेतली नव्हती: उत्तर प्रदेश-बिहारच्या गंगाकाठच्या पट्ट्यात पित्ताशयाचा कॅन्सर जास्त आढळतो, म्हणून तिथे विचार बदलू शकतो. हे सगळं सर्जनशी बोलायचं, माझ्याशी नाही.

ताईंची मुलगी गेली. ताईंनी ऑपरेशन केलं नाही. दुखलं तर करायचं, कुणाकडे तेही ठरवून ठेवलंय.

त्याच सुमारास रत्नागिरीकडचा, मर्चंट नेव्हीतला एक तरुण आला होता. त्यालाही खडे, त्यालाही त्रास शून्य. त्यालाही मी दोन वाजताचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "मॅडम, तेव्हा मी भर समुद्रात. बंदर चार दिवसांवर." त्याने हेच वाक्य सर्जनला जाऊन सांगितलं, आणि जहाजावर रुजू होण्याआधी पित्ताशय काढून घेतलं.