कॉलेजात फुटबॉल खेळलेला माणूस कंपनीचा प्रमुख कसा काय होतो? अमेरिकेत खेळाडूंना अशा खुर्च्या आयत्या मिळतात का?

ओळखीपाळखी कामाला येतात, नाही असं नाही. पण इंट्युइट या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख झालेले बिल कॅम्पबेल यांचा रस्ता बघा, त्यात आयतं फारसं काही दिसत नाही.

आधी एक सांगतो, हा आपला फुटबॉल नव्हे. लांबुडका चेंडू, डोक्यावर हेल्मेट आणि नुसती रेटारेटी. कॅम्पबेल न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाकडून ‘गार्ड’ खेळायचे. गार्डच्या हाती चेंडू सहसा येतच नाही. समोरच्या धिप्पाड गड्याला अंगावर घेऊन चेंडूवाल्याला वाट करून द्यायची, आणि टाळ्या मात्र त्या चेंडूवाल्याला! मी कॉलेजात कबड्डीच्या साखळीत उभा असायचो आणि पकड कायम दुसऱ्याच्या नावावर लागायची, म्हणून मला हे चांगलंच कळतं. कॅम्पबेल यांचं वजन जेमतेम 75 किलो, म्हणजे या जागेसाठी अगदीच किरकोळ. तरी 1961 साली ते कर्णधार होते आणि त्या वर्षी कोलंबियाने आयव्ही लीगचं, म्हणजे अमेरिकेतल्या आठ नामांकित विद्यापीठांच्या स्पर्धेचं, विजेतेपद हार्वर्डबरोबर वाटून घेतलं.

मग 1974 ते 1979 ते त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक. सहा हंगामांत 12 विजय, 41 पराभव, 1 बरोबरी. असा हिशेब पदरी घेऊन, चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी जाहिरात कंपनीत नोकरी धरली. तिथून कोडॅक आणि 1983 मध्ये ॲपल.

ॲपलमध्ये त्यांच्या वाट्याला लगेचच एक अवघड चेंडू आला. मॅकिंटॉश या ॲपलच्या नव्या संगणकाची ‘1984’ ही टीव्हीवरची जाहिरात संचालक मंडळाला अजिबात आवडली नव्हती. सुपर बोलमध्ये, म्हणजे या फुटबॉलच्या मोठ्या अंतिम सामन्यात, जाहिरातीसाठी घेतलेली वेळ विकून टाका, असा सूर होता. शेवटी निर्णय कॅम्पबेल आणि त्यांच्या एका सहकाऱ्यावर आला. त्यांनी ती लावली. पुढे ती जाहिरात प्रचंड गाजली.

नंतर पेनने चालणारा संगणक बनवणारी ‘गो’ ही कंपनी त्यांनी चालवली, ती बुडाली. तरी 1994 मध्ये ते इंट्युइटचे सीईओ झाले. पण माझ्या मते त्यांचं खरं काम त्यानंतरचं. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स, गूगलचे लॅरी पेज आणि एरिक श्मिट ही मंडळी त्यांच्याकडे सल्ल्याला यायची. सिलिकॉन व्हॅलीत, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या संगणक कंपन्यांच्या पट्ट्यात, त्यांना ‘कोच’च म्हणत. 41 सामने हरलेल्या माणसाला! शिवाय तिथल्याच एका शाळेतल्या आठवीच्या पोरांना ते फुटबॉल शिकवायचे, ते वेगळंच.