रेडलायनिंगला लक्ष्मणरेषा म्हणू नका हो

प्रश्न असा की अमेरिकेच्या इतिहासावरच्या एका लेखात 'रेडलायनिंग'चं (म्हणजे काळ्यांच्या वस्त्यांवर 'धोकादायक' असा शिक्का मारून तिथे कर्ज नाकारणं, त्याचं) भाषांतर 'लक्ष्मणरेषा आखणे' केलंय, ते बरोबर का. साफ चूक! टीव्हीवर रोज कुणीतरी कुणाचीतरी 'रेड लाइन' ओलांडत असतं ते वेगळं, आणि लक्ष्मणरेषा तर नेमकी उलटी, सीता आत होती तोवर सुखरूप होती, इथे आतल्यांचंच वाटोळं झालं.

मुळात रेघ नव्हतीच, रंग होता. मंदीत बुडणारी गृहकर्जं सावरायला सरकारने १९३३ मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं, त्यांनी पुढे कुठल्या वस्तीत कर्ज देणं किती जोखमीचं ते दाखवायला २००हून जास्त शहरांचे नकाशे रंगवले, हिरवा उत्तम, निळा बरा, पिवळा उतरणीला लागलेला, लाल धोकादायक, आणि लाल वस्ती म्हणजे आख्खी लाल, नुसती बॉर्डर नाही. 'लायनिंग' हे नाव मागाहून पडलं, साठच्या दशकात, शिकागोच्या चळवळीतल्या लोकांकडून.

आता माझा लाडका मुद्दा. प्रत्येक वस्तीचा एक छापील फॉर्म असायचा, त्यात 'निग्रो' असा रकाना, हो की नाही आणि किती टक्के, जवळच 'घुसखोरी कोणाची' (हो, घुसखोरीच!), आणि शेवटी 'क्लॅरिफाइंग रिमार्क्स'. म्हणजे शेरा! आपला शेरा अरबी 'शरह'वरून आलाय, त्याचा अर्थच स्पष्टीकरण, म्हणजे तिकडचा कारकून आणि आपला फडणीस एकाच रकान्यात लिहीत होते म्हणा ना. म्हणून माझा शब्द 'लाल शेरा'. सर्व्हिस बुकात तो पडला की काय होतं ते सरकारी नोकरीवाल्यांना विचारा.

एका ज्येष्ठ अभ्यासकांना 'वाळीत टाकणे' हवंय. अहो, वाळीत जातपंचायत टाकते, इथे सरकारने टाकलं, तेही कर्ज अडवून. दुसरे म्हणतात पूररेषेसारखी 'लाल रेषा' म्हणा, कोल्हापूर-सांगलीकरांना लगेच कळेल. कळेल, पण चुकीचं कळेल! पंचगंगेचं पाणी खरंच घरात येतं, इथे धोका काय, तर शेजारी काळा माणूस.

आणि नकाशांपेक्षा जास्त नुकसान केलं ते १९३४च्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, कर्जाला सरकारी हमी द्यायची ती गोऱ्या वस्तीला. डेट्रॉइटमध्ये एका बिल्डरचा प्लॉट काळ्यांच्या वस्तीला लागून, हमी मिळेना, तर १९४१ मध्ये पठ्ठ्याने मध्ये ६ फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत घातली, मग मिळाली. ती भिंत अजून उभी आहे, पोरांच्या मैदानाजवळच्या भागावर आता चित्रं काढलीत.

बँक दारात उभं करेना म्हणून शिकागोच्या लॉनडेल वस्तीत काळे लोक घरं कॉन्ट्रॅक्टवर घ्यायचे, भाव दामदुप्पट, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर, आणि एक चुकला की घरही गेलं नि भरलेले पैसेही. १९६८ मध्ये तिथल्या लोकांनी एकजूट करून हप्ते भरणंच बंद केलं. इथे 'हप्ता' मराठीतल्या दोन्ही अर्थांनी चपखल बसतो बघा, शब्द फारसी 'हफ्त'चा, म्हणजे सात, मूळ अर्थ आठवडा, आठवड्याचा अर्थ वसुलीपर्यंत कसा पोचला ती गोष्ट निराळीच आहे, कुणी विचारा म्हणजे सांगतो.