छताचा पडलेला गिलावा घरच्या घरी दुरुस्त करता येईल का?

प्रश्न : आमची सदनिका डोंबिवलीतील चार मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. गेल्या पावसाळ्यात झोपण्याच्या खोलीच्या छताला ओल आली, रंगाचे पोपडे सुटले आणि ताटाएवढ्या भागातील गिलावा फुगून खाली पडला. दिवाळीनंतर सोसायटीने गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेतले. एवढ्याशा कामाला गवंडी मिळत नाही. मला या कामाचा काहीही अनुभव नाही. तरी ते जमेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जमेल, मात्र पडला आहे तो केवळ गिलावा आहे की स्लॅबचाच काही भाग, हे आधी ठरवावे लागेल. त्याआधी सोसायटीला एक पत्र द्यावे. कारण गच्चीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्यावरील छताचे नुकसान झाल्यास त्याची दुरुस्ती गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) संस्थेने करायची असते.

मेन स्विच बंद करून, डोळ्यांना गॉगल लावून घोड्यावर (दुपायी शिडीवर) चढावे आणि हातोडीच्या दांड्याने पडलेल्या भागाभोवती हलकेच ठोकत जावे. घट्ट गिलावा टणटणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजणारा सगळा भाग, वरून कितीही धड दिसला तरी, छिन्नीने काढलाच पाहिजे. आत गंजलेली सळई दिसली, सळईच्या रेषेत सरळ चीर गेलेली असली किंवा काँक्रीट बोटाने खरवडले जात असले, तर तिथेच थांबून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून ढकलत राहतो. त्यामुळे अशा जागी वरून लावलेला गिलावा पुन्हा खाली येतो, आणि बहुधा आधीपेक्षा मोठ्या तुकड्याने.

सळई झाकलेली व काँक्रीट टणक असेल, तर पुढचे काम आपले. प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने छताला लावून दिवसभर ठेवावा. काढताना आतल्या बाजूस दव दिसले, तर छत अजून वाळायचे आहे. वाळल्यावर तारेच्या ब्रशने लोणा (ओलीने वर आलेला पांढरा क्षार) व धूळ झाडून काढावी, पाण्याचा हलका हबका मारावा आणि बाँडिंगचे रसायन डब्यावरील प्रमाणात सिमेंटमध्ये कालवून त्याचा हात द्यावा. नवख्या माणसाचे काम फसते ते येथेच. हा थर चिकट असतानाच माल चढवावा लागतो, कारण तो सुकला की उलट पकड सोडवतो. म्हणून माल आधीच तयार हवा : एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू, आणि मुठीत दाबल्यावर लाडूसारखा वळेल इतकेच पाणी. माल थापीवर थोडा थोडा घेऊन जोर लावून दाबत कडांकडून मध्याकडे यावे. छताला सुमारे ६ मिलिमीटरचा थर पुरतो. खड्डा अधिक खोल असेल, तर पहिल्या थरावर ओरखडे काढून तो धरल्यावर दुसरा द्यावा. शेवटी रंधा (गिलावा सपाट करण्याची मुठीची फळी) फिरवून जुन्या पृष्ठभागाशी पातळी जुळवावी.

नवा गिलावा काही दिवस ओला ठेवावा लागतो. छतावर पाणी साठवता येत नाही, त्यामुळे ७ दिवस दिवसातून तीन-चार वेळा फवारणी करणे हाच उपाय आहे. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) काही मिनिटांत धरते म्हणून अनेकांना त्याचा मोह होतो. पण ते जिप्समचे असते, जिप्समला ओल सोसत नाही आणि एकदा गळलेल्या स्लॅबखाली ते वापरणे मला पटत नाही.

सुमारे चार आठवड्यांनी व्हाइट सिमेंटच्या पुट्टीचे दोन पातळ हात देऊन पॉलिश पेपरने घासावे. आजूबाजूच्या जुन्या गिलाव्यावर पिवळट डाग राहिले असतील, तर तेवढ्या भागाला तेलाचा प्रायमर लावावा, अन्यथा ते पाण्याच्या रंगातून वर येतात. रंग मात्र एवढ्यात देऊ नये. उरलेले छत साध्या प्रायमरवर ठेवून येता पावसाळा जाऊ द्यावा, म्हणजे गच्चीचे वॉटरप्रूफिंग कुठे कच्चे राहिले असल्यास त्याचा डाग वेळीच दिसेल.